देवाच्या दुसऱ्या लग्नाचं गाणं

गेली काही वर्षं आमच्या सातारा-सांगलीकडे बानू नटल्याशिवाय वरात हलत नाही. नवरी शिरवळची असो नाहीतर शिराळ्याची, ती सकाळपासून पार्लरमध्ये बसून कितीही सजलेली असो. स्पीकरवर नटते ती बानूच. छगन चौगुले यांच्या आवाजात घरोघर पोचलेलं हे खंडोबाच्या लग्नाचं गाणं. मूळचं देवाचं, पण मधल्या काळात त्याला असा काही ठेका चिकटला की आता देवालाही ते ऐकायचं तर वरातीतच यावं लागेल.

यात एक बारीक अडचण आहे. बानू ही खंडोबाची दुसरी बायको. पहिली म्हाळसा. लोककथेत म्हाळसेबरोबर सारीपाट खेळताना देव हरतो, पणाप्रमाणे घर सोडतो आणि धनगरवाड्यावर मेंढरं राखायला राहतो. परततो ते बानूला घेऊनच. पुढे त्या दोघींची जी जुंपते ती वाघ्या-मुरळी रात्र-रात्र गातात, आणि जेजुरीला बानूचं देऊळ आजही गडाच्या निम्म्या वाटेवरच आहे. म्हणजे लग्नाच्या पहिल्याच संध्याकाळी, अक्षता अजून केसांत असताना, नवरदेवाच्या मित्रांनी देवाच्या दुसऱ्या लग्नाचं गाणं लावायचं आणि त्यावर नवरीच्या सख्ख्या मामानं फेटा सुटेपर्यंत नाचायचं.

त्यातही सातारा जिल्ह्याला हे गाणं लावायचा हक्क सगळ्यात कमी. कारण देवाचं पहिलं लग्न आम्हीच लावतो. कऱ्हाड तालुक्यात तारळी नदीच्या काठी पाल नावाचं गाव आहे. तिथं दरवर्षी पौष महिन्यात गोरज मुहूर्तावर खंडोबा आणि म्हाळसेचं लग्न लागतं, लाखोंची यात्रा भरते आणि भंडाऱ्यानं नदीकाठ पिवळा होतो. पौषात आम्ही घरची लग्नं टाळतो, पंचांग उघडूनसुद्धा बघत नाही. देवाला मात्र पौषच लागतो. अशी आम्ही म्हाळसेच्या बाजूची माणसं. आणि त्याच यात्रेतून परतणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय वाजत असतं? बानू.

शाळेत मराठी शिकवण्यात हयात गेल्यामुळे मला शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका लग्नात नवरदेवाच्या चुलत्यांना बाजूला घेऊन मी हे सगळं सारीपाटापासून समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, पहिली बघायलाच चार उन्हाळं गेलं. दुसरीचं टेन्शन नाय." आणि पुन्हा नाचायला गेले.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. आनंदाच्या गाण्यात कवी हा सर्वांत बिनकामाचा माणूस. त्यानं काय लिहिलंय हे नाचणाऱ्याला ठाऊक नसतं आणि सांगितलं तर राग येतो.

डॉल्बीच्या आधी बँड होता तेव्हाही हीच गत होती, फक्त आवाज माणसाच्या फुफ्फुसातून यायचा. बँडवाल्यांचे गणवेश तर असे की खांद्यावरच्या सोनेरी झालरी मोजल्या तर कुठलाही लष्करी अधिकारी लाजावा. पायांत मात्र स्लीपर. पुढे मास्तर ट्रंपेट घेऊन, मागे ढोलवाला, आणि सर्वांत मागे डोक्यावर बत्त्या घेतलेल्या बायका. ज्यांच्या उजेडात सगळं दिसायचं पण ज्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. मास्तरांकडे दहा-बारा गाणी पाठ असायची आणि ती प्रसंग न बघता क्रमानं यायची. १९७०च्या ‘सच्चा झूठा’मध्ये राजेश खन्नानं बहिणीच्या लग्नाची स्वप्नं बघत गायलेलं गाणं आमच्याकडे नवरदेव मारुतीला निघाला की वाजायचं. घोड्यावर मिशा काढून बसलेला तो गडी, आणि बँड त्याला लाडकी बहीण करून टाकतोय. कुणाला काही वाटायचं नाही. मास्तरांना विचारलं तर म्हणायचे, "आवं, चाल झकास हाय की."

चाल झकास असल्यावर प्रश्न मिटला. या एका नियमावर आमचा सगळा उत्सव चालतो.

नागिणीचं बघा. १९५४च्या ‘नागिन’ चित्रपटातली ती पुंगी आज सत्तर वर्षं झाली तरी वरातीत वाजते. त्यात पुंगी नव्हतीच. हेमंतकुमारांच्या त्या संगीतात कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाचं परदेशी विजेवरचं वाद्य वाजवलं आणि जोडीला रवींची पेटी होती. म्हणजे आमच्याकडची सर्वांत देशी समजली जाणारी धून निघाली बिनपुंगीच्या पुंगीतून. तिच्यावर नाचणारी नागीण नेहमी पुरुष असते आणि शक्यतो वजनदार. तोंडात रुमालाचं एक टोक, दुसरं टोक गारुड्याच्या तोंडात, आणि नवी कोरी पॅंट घालून डांबरी रस्त्यावर सरपटणं. ती पॅंट सहसा आहेरात आलेली असते, त्यामुळे दुःख सासरवाडीला. मध्येच कुणीतरी दहाची नोट रस्त्यावर टाकतो आणि नागीण ती तोंडानं उचलते. खऱ्या नागिणीला नोटेची ओळख नसते, एवढाच फरक.

शिराळ्याला, म्हणजे बत्तीस शिराळ्याला, नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका निघायच्या. वन्यजीव कायदा पुढे आला, उच्च न्यायालयानं त्या मिरवणुकांवर बंदी आणली. वरातीतल्या नागिणीवर बंदी घालावी असं मात्र अजून कुठल्याही न्यायालयाला सुचलेलं नाही. खरा नाग पुंगीच्या सुराला भुलत नाही, तिच्या हलण्याकडे बघून डोलतो, असं जाणकार सांगतात. आमच्या नागिणीचंही तेच. ती सूर ऐकत नसते, समोरच्या गारुड्याचा मोबाइल व्हिडिओ काढतोय का ते बघत असते.

पेटीवर बसलेले ते रवी पुढे मोठे संगीतकार झाले आणि त्यांनी आमच्या लग्नांवर कायमचा ताबा मिळवला. मित्राच्या लग्नाचं जे गाणं मित्रमंडळी बँडवाल्याच्या खिशात नोटा कोंबून हमखास लावायला सांगतात, ते १९७७च्या ‘आदमी सड़क का’मधलं, संगीत रवी. आणि पाठवणीच्या वेळी ज्यावर मांडवातल्या सगळ्या बायका ठरल्या मिनिटाला रडायच्या, ते १९६८च्या ‘नील कमल’मधलं, तेही रवी. बँडवाल्यानं पहिला सूर लावला की आत्याबाई पदर शोधायच्या. माझ्या पाहण्यात एक मावशी अशा होत्या की त्यांना ते गाणं दळणाच्या गिरणीत रेडिओवर लागलं तरी रडू यायचं. आता पाठवणी होईतो दहा वाजतात, आवाज बंद करायची वेळ येते आणि रडणं बिनसंगीताचं उरतं. त्यामुळे ते आटोपतंही लवकर.

मग आला समुद्र. हे मला अजून नीट उलगडलेलं नाही. आटपाडी, जत, माण, खटाव हे आमचे दुष्काळी तालुके. इथं मे महिन्यात टँकर आला की तोच सण. इथून समुद्र गाठायचा तर सह्याद्री ओलांडायला लागतो. आणि हळदीच्या दिवशी सगळं गाव पिवळे कपडे घालून नाचत असतं ते होड्या, नाखवा, जाळी, म्हावरं आणि लाटांच्या गाण्यांवर. ठाणे-रायगडकडची आगरी-कोळी गाणी आमच्या मेंढपाळांच्या गावांत अशी काही रुजली आहेत की पोरं वल्ही मारायची खूण अचूक करतात. त्यांतल्या निम्म्यांनी विहिरीच्या पलीकडे पाणी पाहिलेलं नाही, आणि विहिरीतलंही दिसायचं तर वाकून बघावं लागतं.

उपरोध म्हणावा तर हळद आमची. सांगलीच्या बाजारात देशभरातून हळद येते आणि देशभर जाते. हरिपूरला ती जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत होती. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे हळद सरकारी शिक्क्यासह सांगलीची आणि हळदीचं गाणं अलिबागकडचं. मानांकन देणाऱ्यांनी गाण्याचाही विचार करायला हवा होता.

पूर्वी असं नव्हतं हे म्हणायचा मला मोह होतो आणि या एका बाबतीत तो खराही आहे. लग्नाआधी बायका जात्यावर हळद दळायच्या, घाणा भरायच्या, तेव्हाच्या ओव्यांत शब्दच सगळं काम करायचे. नवरीच्या आईचं नाव, भावाचं गाव, कोण मामा गाडीतून उतरला आणि कोण अजून रुसून बसलाय, हे सगळं त्यात यायचं. चुलतसासूला टोमणा मारायचा तर तोही दळता-दळता, तिच्याकडे न बघता. त्या ओव्यांवर नाचता येत नाही, हा त्यांचा एकमेव दोष. तेवढ्यावरून त्या गेल्या.

२०१६ साली ‘सैराट’ आला आणि अजय-अतुल यांच्या ‘झिंगाट’नं बाकी सगळ्या गाण्यांना घरी बसवलं. चित्रपटगृहात लोक खुर्च्या सोडून पडद्यासमोर नाचायला गेले, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. मी स्वतः फक्त पायानं ताल धरला, कारण मागे माझे माजी विद्यार्थी बसले होते. या चित्रपटाच्या संगीतासाठी ही जोडी थेट अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गेली होती, आणि आमच्या पोरांनी ते सगळं एका मोबाइलमधून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणून सोडलं.

पण सांगायचं ते वेगळंच. ‘सैराट’ची गोष्ट काय? जातीबाहेर प्रेम केलेली दोन पोरं आणि त्यांना शेवटी घरच्यांनीच संपवणं. आणि त्यातलं गाणं कुठं वाजतं, तर पत्रिका, कुळी, देवक, पाहुण्यांचे पाहुणे असं सगळं सात वेळा तपासून जमवलेल्या लग्नाच्या वरातीत. ज्या काकांनी पुतणी कुणाशी तरी फोनवर बोलते एवढ्या संशयावरून तिचं कॉलेज बंद केलं, ते काका पहिल्या रांगेत, दोन्ही हात वर, शर्टाची वरची तीन बटणं उघडी. चित्रपट बघून ते रडलेही होते, असं त्यांची बायको सांगते. गाण्याचा आणि डोक्याचा संबंध मानेपाशीच तुटतो, त्याचा याहून मोठा पुरावा मला सापडलेला नाही.

हे सातारा-सांगलीचंच खूळ आहे असं समजू नका. ‘द पोलिस’ नावाच्या इंग्रजी बँडचं १९८३चं एक गाणं पाश्चात्त्य देशांत प्रेमगीत म्हणून लग्नांत वाजवतात. त्यातला नायक सोडून गेलेल्या बाईला बजावतो की तुझ्या प्रत्येक हालचालीवर माझी नजर आहे. ते लिहिणाऱ्या स्टिंगनं हे काही गोड गाणं नव्हे, असं सांगून पाहिलं. कोण ऐकतो! आणि जगभर लग्नात जी मेंडेल्सोनची धून वाजते, ती १८४२ साली त्यानं शेक्सपिअरच्या ज्या नाटकासाठी केली, त्यात पऱ्यांची राणी गाढवाचं डोकं बसवलेल्या माणसाच्या प्रेमात पडते. १८५८ साली व्हिक्टोरिया राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ती वाजली आणि मग सगळ्यांनीच लावली. तिथल्या एखाद्या निवृत्त मास्तरानंही नवऱ्याच्या चुलत्याला बाजूला घेऊन गाढवाचं सांगितलं असेल.

आता डॉल्बीकडे येणं भाग आहे. पुण्या-मुंबईचे लोक ज्याला डीजे म्हणतात त्याला आमच्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर तिन्ही ठिकाणी डॉल्बीच म्हणतात. रे डॉल्बी हे अमेरिकन गृहस्थ. १९६५ साली त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली ती ध्वनिफितीतली खरखर घालवण्यासाठी. जन्मभर त्यांनी नको असलेला आवाज कमी करण्याचं काम केलं. त्यांचं आडनाव आम्ही ट्रॉलीवर रचलेल्या स्पीकरच्या भिंतीला दिलं. गृहस्थ साताऱ्याच्या राजपथावर एकदा येऊन गेले असते तर आडनाव बदलून घेतलं असतं.

या भिंतीपुढे शब्दांचं काहीच चालत नाही. बँडमध्ये निदान चाल कळायची. डॉल्बीत गाणं कानाला कळायच्या आधी बरगड्यांना कळतं. रस्त्याकडेच्या घरांत फडताळातली भांडी आधी हलतात, मग खिडकीच्या काचा, मग म्हातारी माणसं. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम सांगतात की राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज नको. नियम करणाऱ्यांनी आमच्याकडचं घरगुती बोलणं ऐकलेलं नसावं. दोन शेतांमधून आमचे भाऊ-भाऊ एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतात तेव्हाच ही मर्यादा ओलांडलेली असते. बांधावरून भांडण असेल तर विषयच संपला.

दरवर्षी गणपतीआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. चहा होतो, बिस्किटं होतात, डॉल्बीमुक्त उत्सवाची शपथ होते. शपथ घेणारे मंडळाचे अध्यक्ष बाहेर येऊन फोनवर विचारतात, "भावा, बेस किती टाकलायस?" हे त्यांना दुटप्पी वाटत नाही. शपथ समितीसाठी, बेस गणपतीसाठी. दोघांनाही खूश ठेवायचं असतं.

मिरजेचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. हे तंबोरे आणि सतारींचं गाव. इथल्या कारागिरांच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब इथं राहिले, इथल्या दर्ग्यात त्यांच्या नावानं गाणं होतं. तंबोऱ्याच्या जवारीतला दोऱ्याएवढा फरक कानानं ओळखणारी माणसं ज्या गल्लीत बसतात, त्याच गावातून अनंत चतुर्दशीला निघालेली विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. त्या कारागिरांच्या कानांचं त्या रात्री काय होत असेल, हे विचारायला मी एकदा गेलो होतो. दुकान बंद होतं. ते मिरवणुकीत होते.

सांगलीला मात्र एक गणपती आहे ज्याला हे काही चालत नाही. संस्थानच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या काही दिवस आधीच, पहाटे, गाजावाजा न करता गणपती बसतो. त्याला चोर गणपती म्हणतात. वाजंत्री नाही, गुलाल नाही, अध्यक्ष नाही. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जो देव कोणालाही त्रास न देता येतो तो चोर, आणि बाकीचे राजे, महाराजे, सम्राट.

आरतीचं मात्र मला वेगळं सांगायचंय, कारण तीही आमचीच. समर्थ रामदास सज्जनगडावर राहिले. गणपतीची जी आरती महाराष्ट्रभर म्हणतात ती त्यांच्या नावावर आहे. मंडळाच्या मांडवात ती चार मिनिटांत उरकते. पण विठ्ठलाच्या आरतीत एका शब्दावर श्वास लांबवायची जी स्पर्धा लागते, तिला तोड नाही. गल्लीतला सर्वांत दमेकरी माणूस तिथं सर्वांत जास्त लांबवतो. त्या शब्दाचा अर्थ मी वर्गात दर सप्टेंबरला विचारायचो. एकाही पोराला यायचा नाही आणि श्वास मात्र सगळ्यांचा तयार.

वाढदिवसाच्या गाण्यानं आमच्याकडे वेगळीच पंचाईत केली आहे. केंटकीतल्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींनी १८९३ साली बालवाडीतल्या मुलांसाठी सुप्रभाताचं एक गाणं केलं. त्याच चालीवर पुढे वाढदिवस बसला. अमेरिकेत एका कंपनीनं कितीतरी वर्षं त्याचे पैसे वसूल केले. २०१५ साली तिथल्या न्यायाधीशानं तो हक्क फेटाळला. ही सगळी भानगड आमच्यापर्यंत पोचली नाही, पोचली ती फक्त चाल. आणि या चालीत नावासाठी जागा ठेवली आहे जेमतेम ‘जॉन’ किंवा ‘मेरी’ मावेल एवढी. आमच्याकडे वाढदिवस कुणाचा? बाळासाहेबांचा. जयसिंगरावदादांचा. श्रीमंत अमुक राजेंचा. तिसऱ्या ओळीला आलं की गर्दीत फूट पडते. काहीजण ‘दादा’ म्हणून मोकळे होतात, काही ‘साहेब’, नातू ‘आबा’ म्हणतो, कारखान्याचे संचालक पूर्ण नाव घ्यायला जातात आणि चौथी ओळ संपली तरी त्यांचं आडनाव उरतं. घरात औक्षण होतं, तिथं गाणंच नसतं. म्हणून तिथं कोणाचं चुकत नाही.

चौकातला ‘भावाचा बड्डे’ हा आणखी वेगळा प्रकार. तिथं हिल भगिनींना कोणी विचारत नाही. केक दुचाकीच्या सीटवर, वर फ्लेक्स, फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे पन्नास चेहरे, आणि मागे गाणं असं की त्यातला नायक कोणाला तरी उचलून नेण्याची किंवा गाडण्याची भाषा करतोय. ज्याचा वाढदिवस तो पोरगा गरीब असतो, सोसायटीत कारकून असतो, आईला घाबरतो. कुठं-कुठं केक तलवारीनं कापतात, मग शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि पुढच्या वर्षीचा बड्डे तारखेला कोर्टात साजरा होतो. केकपेक्षा वकील महाग पडतो.

ग्रामपंचायतीच्या निकालाच्या दिवशी दोन्ही पॅनेलांनी गुलाल आणि डॉल्बी आगाऊ ठरवून ठेवलेला असतो. एकाच गावात डॉल्बीवाला एकच असला तर तो दोघांचंही आगाऊ घेतो. गाणंही एकच. हरलेल्यांच्या यादीतलं गाणं जिंकलेल्यांना दिलं तरी एक शब्द बदलावा लागत नाही, कारण वाघ दोन्हीकडे असतो.

या सगळ्या धांदलीत प्रामाणिक राहिलेलं एक वाद्य आहे, ती हलगी. कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगी, घुमकं आणि कैताळ सुरू झालं की ज्यानं कधी लंगोट बांधला नाही त्याच्याही मांडीवर आपोआप हात जातो. हलगीला कवी नाही, अर्थ नाही, दुसरी बायको नाही, समुद्र नाही. मला तिच्याबद्दल बोलायला काहीच सापडत नाही, म्हणून मी तिथं गप्प बसून कुस्ती बघतो.

वाईट एवढ्याचंच वाटतं की गाणी बाहेरून आणायची आम्हाला कधी गरज नव्हती. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे, रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. शेटफळ्याचे ग. दि. माडगूळकर. सांगलीतच १९३३ साली जन्मलेल्या आशा भोसले. एवढं भांडवल असलेल्या भागानं हळदीला नाखवा बोलवावा, म्हणजे उसाच्या पट्ट्यात गूळ मागवून खाल्ल्यासारखं आहे.

माडगूळकर आणि आशाबाई या दोघांचं मिळून एक गाणं तर खास आमच्या दोन जिल्ह्यांच्या मधल्या रस्त्यावरचं आहे. ‘सांगत्ये ऐका’ या १९५९च्या चित्रपटातलं, साताऱ्याच्या वाटेवर सांडलेल्या बुगडीचं. संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर. पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये हा चित्रपट १३१ आठवडे चालला. आजही लग्नाच्या आदल्या रात्री घरच्या बायकांचा कार्यक्रम असला की हे गाणं लागतं, आणि आमच्या उत्सवातलं शब्द कळणारं हे एकमेव गाणं असावं. कारण सोनं हरवणं ही गोष्ट कोणत्याही बाईला लगेच कळते. सोनं तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून पुरुषांनाही कळायला लागली आहे.

मागच्या हंगामात एका मांडवात हे गाणं लागलं आणि नाच थांबून चर्चा सुरू झाली, की ती नेमकी सांडली कुठं असेल. कऱ्हाडच्या पाहुण्यांचं म्हणणं, उंब्रजच्या पुढे. इस्लामपूरकर म्हणाले, पेठनाक्यालाच सांडली असणार, तिथं चढउतार फार. एक निवृत्त हवालदार बसले होते, ते अण्णा खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आधी हद्द ठरवा. त्या वक्ताला सांगली जिल्हा म्हणत नव्हते. एकोणपन्नासला जिल्हा फुटला, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. सांगली हे नाव आलं साठ साली. सिनेमा आधीचा. म्हंजे बाई दक्षिण साताऱ्यातून उत्तर साताऱ्यात निघाली होती. तक्रार कुठल्या ठाण्यात घ्यायची?"

कोणाला उत्तर देता येईना. मीही या मुद्द्यावर विचार केलेला नव्हता. शेवटी करवल्यांपैकी एकीनं विचारलं, "पण अण्णा, तिच्याकडं बुगडीची पावती होती का?"

"नसंल," अण्णा म्हणाले. "मग तक्रार घेताच येत नाय. लाव रं पुढचं."